हवेचे माप, पेट्रोलचा हिशेब: एका स्क्रूपासून ई-२० पर्यंत

२०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये देशभर एक वाद रंगला. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे, मुळात २०३० साठी ठरवलेले उद्दिष्ट पाच वर्षे आधीच गाठल्याचे सरकारने सांगितले. त्याच सुमारास जुन्या वाहनांचे मालक मायलेज घटल्याच्या आणि इंजिन अडखळत असल्याच्या तक्रारी करू लागले. इथेनॉलविरहित पेट्रोलचाही पर्याय पंपावर मिळावा, अशी मागणी करणारी याचिका १ सप्टेंबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. वाद मात्र शमला नाही. एका बाजूला ‘काहीही होत नाही’ आणि दुसऱ्या बाजूला ‘इंजिनाची वाट लागते’ अशी दोनच उत्तरे ऐकू येत राहिली.

या दोन्ही उत्तरांत एक समान उणीव आहे. ‘गाडी’ हा एकच पदार्थ आहे असे दोन्हीकडे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात इंधन बदलले की मिश्रणाचे काय होते, हे दोन गोष्टींवर अवलंबून असते: इंजिन आत येणारी हवा कशी मोजते, आणि ते माप चुकले तर ती चूक कोणाच्या लक्षात येते. या दोन प्रश्नांची उत्तरे शोधण्यात वाहन-अभियांत्रिकीची बरीच दशके गेली. तो इतिहास ठाऊक असला की आजच्या वादातला गोंधळ पुष्कळसा निवळतो.

एका लिटरमागे नऊ हजार लिटर

एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी साधारण १४.७ किलो हवा लागते. आकारमानात सांगायचे तर एक लिटर पेट्रोलमागे सुमारे नऊ हजार लिटर हवा. पंपावर आपण पैसे पेट्रोलचे मोजतो. पण इंजिनाच्या पोटात जाणारा खरा अवाढव्य ऐवज हवेचा असतो. चालक ॲक्सिलरेटर दाबतो तेव्हा पेट्रोल-इंजिनात तो हवेची वाट मोकळी करत असतो. त्या हवेला साजेसे पेट्रोल किती, हे ठरवणे यंत्राचे काम.

पेट्रोल गरजेपेक्षा जास्त झाले तर मिश्रण दाट होते. गॅरेजच्या भाषेत ‘रिच’. अर्धवट ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, स्पार्क प्लग काळे पडतात. पेट्रोल कमी पडले तर मिश्रण विरळ, म्हणजे ‘लीन’ होते. इंजिन धक्के देते, तापते, आणि फारच विरळ झाले तर पेटतच नाही. या दोन टोकांमधली वाट फार रुंद नाही.

कार्ब्युरेटरमधले वर्गमूळ

कार्ब्युरेटरने हे काम जवळजवळ शतकभर केले, तेही प्रत्यक्ष काहीही न मोजता. अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते तेव्हा तिथला दाब घटतो, आणि त्या घटलेल्या दाबामुळे बारीक छिद्रातून, म्हणजे जेटमधून, पेट्रोल ओढले जाते. हवा वाढली की ओढ वाढते, ओढ वाढली की पेट्रोल वाढते. बर्नुलीच्या तत्त्वाचा याहून सुटसुटीत उपयोग क्वचितच झाला असेल.

पण या सोयीत एक खोट दडलेली आहे. त्याच दाबफरकाने ओढले जाणारे हवेचे वस्तुमान हवेच्या घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते; पेट्रोलची घनता मात्र तशीच राहते. परिणामी हवा विरळ झाली की मिश्रण आपोआप दाट होते. लेह सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण ७० टक्के असते. ०.७० चे वर्गमूळ ०.८४. म्हणजे समुद्रकाठी अचूक जुळवलेला साधा कार्ब्युरेटर लेहला पोहोचेपर्यंत हवेच्या मानाने जवळजवळ १९ टक्के जास्त पेट्रोल देऊ लागतो. घाटमाथ्यावर काळा धूर सोडत दमणाऱ्या जुन्या गाड्यांचे दुखणे बऱ्याच अंशी या वर्गमुळात होते.

अंदाजाकडून मोजमापाकडे

१९५७ साली अमेरिकेतील बेंडिक्स कंपनीने ‘इलेक्ट्रोजेक्टर’ ही इलेक्ट्रॉनिक इंधन-फवारणी प्रणाली पुढे आणली. कल्पना काळाच्या पुढची होती. तेव्हाची इलेक्ट्रॉनिक सामग्री तितकी पक्की नव्हती. फारच थोड्या गाड्यांवर ती बसली. पुढे बेंडिक्सच्या पेटंटांचा आधार घेत जर्मनीच्या बॉश कंपनीने १९६७ मध्ये ‘डी-जेट्रॉनिक’ आणली आणि ती प्रथम फोक्सवॅगन १६०० वर बसली. तिला रेटा होता तो अमेरिकेतील, विशेषतः कॅलिफोर्नियातील, धूरनियंत्रणाच्या कायद्यांचा. हे सूत्र पुढेही दिसते: मिश्रणाची अचूकता कंपन्यांनी हौसेने वाढवली नाही, कायद्याने ती वाढवायला लावली.

नावातला ‘डी’ हा ‘द्रुक’ या जर्मन शब्दाचा; अर्थ दाब. ही प्रणाली इंजिनाच्या हवानळीतला दाब आणि इंजिनाचा वेग पाहून हवेचा अंदाज बांधत असे. झडपा झिजल्या, इंजिनाचा श्वास बदलला, तरी तिचा अंदाज जुनाच राही. म्हणून १९७३ च्या सुमारास बॉशने ‘एल-जेट्रॉनिक’ आणली. ‘एल’ म्हणजे ‘लुफ्ट’, हवा. आता वाटेतच एक मापक बसला आणि आत जाणारी हवा थेट मोजली जाऊ लागली.

झडप, स्प्रिंग आणि स्क्रू

हा एअर-फ्लो मीटर म्हणजे एक पेटी. तिच्यात बिजागरीवर फिरणारी एक झडप. हवेचा झोत झडप उघडू पाहतो, गुंडाळलेली स्प्रिंग ती मिटू पाहते. दोहोंचा तोल जिथे जमतो तो कोन एक पोटेन्शिओमीटर विद्युतदाबात बदलतो आणि नियंत्रक त्यावरून इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा ते ठरवतो. हवेच्या हेलकाव्यांनी झडप थरथरू नये म्हणून तिला काटकोनात दुसरे पाते जोडलेले असे, आणि ते बंद कप्प्यातल्या हवेवर रेटून धक्के शोषी.

या मीटरमध्ये फेरफार करायच्या जागा दोन होत्या, आणि त्यांचे परिणाम अगदी वेगळे. तो फरक ज्याला कळला त्याला मिश्रणाचे अर्धे शास्त्र कळले.

पहिली जागा म्हणजे बगलमार्गाचा स्क्रू. झडपेला वळसा घालून थोडी हवा मोजली न जाता आत जाते. ती किती जाईल हे हा स्क्रू ठरवतो. स्क्रू सैल केला की न मोजलेली हवा वाढते, नियंत्रकाला तिचा पत्ता नसतो आणि मिश्रण विरळ होते. आवळला की दाट होते. आता थोडे गणित. स्प्रिंगचा जोर झडपेच्या साऱ्या फेरीत जवळपास सारखाच राहतो, त्यामुळे झडपेच्या दोन बाजूंमधला दाबफरकही जवळपास स्थिर असतो. म्हणून बगलमार्गाने जाणारी हवाही साधारण ठरावीकच असते. गाडी उभी असून इंजिन मंद चालते तेव्हा समजा तासाला १० किलो हवा लागते. स्क्रूने त्यात १ किलोचा फरक पाडला तर मिश्रण १० टक्क्यांनी बदलते. तीच गाडी चढावर पूर्ण जोराने तासाला ३०० किलो हवा ओढत असेल तेव्हा तोच १ किलो म्हणजे टक्क्याचा तिसरा हिस्सा. म्हणजे हा स्क्रू फक्त आयडलिंगचा. धावत्या गाडीचे मिश्रण त्याने सुधारत नाही आणि बिघडतही नाही.

दुसरी जागा म्हणजे स्प्रिंगचे दातेरी चक्र. ते झाकणाखाली असे आणि कारखान्यातच लावून बंद केलेले असे. ते एकेक दाता फिरवले की स्प्रिंग घट्ट किंवा सैल होते. स्प्रिंग घट्ट असेल तर त्याच हवेला झडप कमी उघडते, नियंत्रकाला हवा कमी वाटते, पेट्रोल कमी मिळते आणि मिश्रण विरळ होते. सैल केली तर उलट. मात्र इथे परिणाम आयडलिंगपुरता राहत नाही. झडपेच्या ठरावीक कोनाला जाणारी हवा दाबफरकाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलते. म्हणून स्प्रिंगचा जोर १० टक्क्यांनी वाढवला तर मिश्रण सुमारे ५ टक्क्यांनी विरळ होते, आणि ते आयडलिंगपासून पूर्ण जोरापर्यंत सर्वत्र. जास्त ताकदीच्या हौसेपायी ज्यांनी ही स्प्रिंग सैल केली, त्यांनी चढावर थोडा जोर मिळवला आणि सपाट रस्त्यावर रोज पेट्रोल जाळले.

शिवाय मापकात तोल झोताच्या दाबाचा असल्याने कार्ब्युरेटरचे वर्गमूळ इथेही पाठ सोडत नव्हते. तापमानाची दुरुस्ती करायला मीटरमध्ये एक संवेदक असे. परंतु उंचीमुळे घटलेली घनता झडपेला दिसत नसे. लेहच्या रस्त्यावर वेगळी दुरुस्ती नसेल तर झडपेचा मीटरही कार्ब्युरेटरइतकाच चुकला असता.

तापलेली तार

या वर्गमुळातून सुटका करणारे भौतिकशास्त्र फार आधीच तयार होते. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठातील लुई व्हेसो किंग यांनी १९१४ मध्ये वाहत्या हवेतल्या तापलेल्या तारेवर महत्त्वाचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. तार किती उष्णता गमावते हे हवेचा वेग आणि घनता यांच्या गुणाकारावर अवलंबून असते, असे त्यातून दिसते. वेग गुणिले घनता म्हणजेच वस्तुमानाचा प्रवाह. ज्वलनाला हवी असलेली राशी नेमकी हीच.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीस बॉशच्या ‘एलएच-जेट्रॉनिक’ने हे तत्त्व गाडीत आणले. केसाइतकी बारीक, सुमारे ७० मायक्रोमीटर जाडीची प्लॅटिनमची तार हवेच्या वाटेत ताणलेली. ती हवेपेक्षा ठरावीक अंशांनी तापलेली ठेवायला किती विद्युतप्रवाह लागतो, तेच हवेचे माप. स्प्रिंग नाही, झडप नाही, उंचीची वेगळी दुरुस्ती नाही. तारेवर धूळ साचली तर उष्णता नीट सुटत नाही, माप कमी येते आणि मिश्रण विरळ होते. म्हणून इंजिन बंद केल्यावर क्षणभर तार सुमारे हजार अंश सेल्सियसपर्यंत तापवून मळ जाळून टाकण्याची सोय होती. आपल्याकडच्या धुळीत एअर फिल्टर वेळेवर बदलणे का महत्त्वाचे, याचे हेही एक उत्तर.

चूक ओळखणारा संवेदक

इतके होऊनही एक मूलभूत अडचण उरली. हवा कितीही अचूक मोजली तरी नियंत्रक फक्त गृहीतकावर पेट्रोल देत होता: इंजेक्टर ठीक आहेत, नळीला गळती नाही, आणि पेट्रोल हे पेट्रोलच आहे. यातले काहीही खोटे ठरले तर ते कळण्याचा मार्ग नव्हता.

तो मार्ग १९७६ मध्ये व्होल्वोच्या गाड्यांवर आला. बॉशने बनवलेला लॅम्डा संवेदक धुराच्या नळीत बसतो. त्याच्या मुळाशी झिर्कोनिया हे सिरॅमिक आहे. तापले की त्यातून ऑक्सिजनचे आयन वाहतात. एका बाजूला बाहेरची हवा, दुसऱ्या बाजूला धूर. दोन्हींतल्या ऑक्सिजनमध्ये तफावत असेल तर विद्युतदाब निर्माण होतो, आणि तो किती असेल हे वाल्टर नेर्न्स्ट यांच्या १८८९ च्या समीकरणातून निघते. मिश्रण दाट असेल तर सुमारे ०.८ ते ०.९ व्होल्ट, विरळ असेल तर ०.१ च्या आसपास. नियंत्रक तो संकेत पाहून पेट्रोल सतत किंचित कमी-जास्त करतो, आणि वारंवार लागणारी दुरुस्ती लक्षात ठेवतो. तिला ‘फ्युएल ट्रिम’ म्हणतात.

या एका संवेदकाने एअर-फ्लो मीटरची जागा घेतली नाही, पण त्याचा दर्जा बदलला. मीटर आता पहिला अंदाज देतो. शेवटचा शब्द धुराचा. अशा गाडीत मीटरच्या संकेतात फेरफार करून मायलेज वाढवण्याचा दावा करणारे उपकरण कोणी बसवले, तर काही काळातच ट्रिम तो फेरफार पुसून टाकते. दुरुस्तीची मर्यादा ओलांडली तरच डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. पूर्ण जोर लावताना आणि थंड इंजिन सुरू होताना मात्र गाडी संवेदकाचे ऐकत नाही. तेव्हा ती आधीच्या शिकवणीवर चालते.

भारतात हे केव्हा आले

आपल्याकडे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी आयडलिंगच्या वेळच्या कार्बन मोनॉक्साइडवर मर्यादा घातली. वर पाहिलेले गणित इथे आठवावे. आयडलिंगचा स्क्रू आयडलिंगपुरताच असतो. म्हणून केवळ उभ्या गाडीचा धूर तपासणारी चाचणी स्क्रूच्या दोन फेऱ्यांत उत्तीर्ण होता येते आणि रस्त्यावरच्या धुराबद्दल ती फारसे काही सांगत नाही. पीयूसी प्रमाणपत्राविषयीचा जनतेचा अविश्वास अगदीच निराधार नव्हता.

१९९५ च्या एप्रिलपासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि त्यासाठी तिथे शिसेविरहित पेट्रोल आले. शिसे कन्व्हर्टर आणि लॅम्डा संवेदक दोघांनाही निकामी करते. तेव्हा अनेक मोटारींत कार्ब्युरेटर तसाच ठेवून पुढे कन्व्हर्टर जोडला गेला. १९९९ चे सर्वोच्च न्यायालयाचे आदेश आणि २००० मधले नवे निकष यांनंतर मोटारींच्या पाठीवर ‘एमपीएफआय’ ही अक्षरे सर्रास दिसू लागली. यातील अनेक छोट्या गाड्यांनी तापलेली तारही घेतली नाही. स्वस्त झालेल्या संगणनाच्या बळावर त्या पुन्हा डी-जेट्रॉनिकच्या मार्गाने, नळीतल्या दाबावरूनच, हवेचा हिशेब करू लागल्या. धुरातला संवेदक चूक सुधारत असल्याने ते चालून गेले. पुढे कन्व्हर्टर आणि संवेदक असलेल्या बीएस-४ मोटारींच्या तपासणीत वाढवलेल्या वेगावर लॅम्डाचे मूल्य ०.९७ ते १.०३ दरम्यान असण्याची अटही आली.

दुचाकींची गोष्ट निराळी. देशातील नोंदणीकृत वाहनांत त्यांचा वाटा सुमारे तीन-चतुर्थांश. तरीही त्यांतील बहुतेकांचा कार्ब्युरेटर १ एप्रिल २०२० रोजी बीएस-६ लागू होईपर्यंत टिकला. जर्मन मोटारीने १९६७ मध्ये ओलांडलेला उंबरठा आपल्या सामान्य दुचाकीने अर्धशतकानंतर ओलांडला.

आता इथेनॉल

इथेनॉल-मिश्रणाचे प्रायोगिक प्रकल्प २००१ मध्ये सुरू झाले. त्यांपैकी दोन महाराष्ट्रात, मिरज आणि मनमाड इथे होते. २००३ मध्ये काही राज्यांत पाच टक्के मिश्रण आले, २०२२ मध्ये सरासरी दहा टक्के गाठले गेले आणि २०२५ मध्ये वीस.

इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन आहे, वजनाने सुमारे ३५ टक्के. म्हणून एक किलो इथेनॉलला जळायला ९ किलो हवा पुरते. हिशेब केला तर दहा टक्के मिश्रणाला (ई-१०) एका किलोमागे सुमारे १४.१ किलो आणि वीस टक्के मिश्रणाला (ई-२०) सुमारे १३.५ किलो हवा लागते. उलट बाजूने पाहिले तर तेवढ्याच हवेला शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ई-२० सुमारे ९ टक्के जास्त द्यावे लागते, ई-१० च्या तुलनेत चारएक टक्के. हवेच्या मीटरला यातले काही कळत नाही. तार असो, झडप असो वा दाबाचा संवेदक असो, तो हवा मोजतो. टाकीत काय ओतले आहे ते त्याला दिसत नाही.

ज्या गाडीत लॅम्डा संवेदक आहे तिला इथेनॉलचे नावही ठाऊक असण्याची गरज नाही. धुरात ऑक्सिजन जास्त दिसला, ट्रिमने पेट्रोल वाढवले, मिश्रण पुन्हा जागेवर आले. चार किंवा नऊ टक्क्यांची दुरुस्ती सर्वसाधारणपणे तिच्या आवाक्यातली असते. परंतु संवेदक मिश्रण सुधारतो, इंधनातली ऊर्जा वाढवू शकत नाही. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा असते, मायलेज घटणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्याने शुद्ध पेट्रोलसाठी बनवून ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकींत ६ ते ७ टक्के, तशाच दुचाकींत ३ ते ४ टक्के आणि ई-१० साठी बनवून ई-२० साठी जुळवलेल्या चारचाकींत १ ते २ टक्के घट अंदाजली होती. मालकांच्या तक्रारी भ्रमातून आलेल्या नाहीत, हे या सरकारी दस्तऐवजातच नोंदलेले आहे.

कार्ब्युरेटरच्या दुचाकीत ही दुरुस्ती करणारे कोणीच नाही. शुद्ध पेट्रोलवर जुळवलेले तिचे मिश्रण ई-२० वर सुमारे ८ टक्क्यांनी विरळ होते. मूळ जुळवणी जरा दाट असेल तर बिघडत नाही, उलट कार्बन मोनॉक्साइड घटतो. पण आपल्याकडे ॲव्हरेज वाढवण्यासाठी गाडी मुद्दाम लीन करून घेण्याची रीत जुनी आहे. आधीच काठावर असलेले मिश्रण आणखी ८ टक्क्यांनी विरळ झाले तर गाडी अडखळते, सकाळी सुरू होत नाही, जास्त तापते. तेव्हा मेकॅनिकने केवळ आयडलिंगचा स्क्रू फिरवला तर सिग्नलवर गाडी शांत वाटेल. धावताना दुखणे तेच राहील. त्यासाठी जेटच बदलावा लागतो. रबरी नळ्या आणि सीलचा प्रश्न याहून स्वतंत्र आहे. त्याचे उत्तर मिश्रणाच्या जुळवणीत नाही.

म्हणून ‘ई-२० गाडीला चांगले की वाईट’ हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. विचारायचे ते असे: माझ्या वाहनात धुराकडे पाहून चूक सुधारणारा संवेदक आहे का? आणि ते वाहन कोणत्या इंधनासाठी जुळवलेले आहे? पहिल्याचे उत्तर ढोबळपणे वाहनाच्या वर्षावरून मिळते, दुसऱ्याचे फक्त निर्मात्याकडून. प्रत्येक कंपनीने आपल्या जुन्या मॉडेलांची अशी यादी मराठीसह भारतीय भाषांत जाहीर करावी. कार्ब्युरेटरच्या लाखो दुचाकी रस्त्यावर आहेत तोवर कमी इथेनॉलचे पेट्रोल निवडण्याची सोय निदान काही पंपांवर असावी. आणि गॅरेजमधल्या कारागिरांना नव्या इंधनासाठी जेटची जुळवणी शिकवण्याचा खर्च धोरणाच्या खर्चातच धरावा.

आयातीत तेलावरचे अवलंबित्व घटावे, उसाला आणि मक्याला बाजार मिळावा, हे हेतू मोलाचे आहेत. पण या मिश्रणाची किंमत सर्वांना सारखी पडत नाही. नव्या मोटारीच्या मालकासाठी ती संवेदक परस्पर सांभाळून घेतो आणि मायलेजमधली घट तेवढी उरते. पंधरा वर्षांच्या दुचाकीवरून कामाला जाणाऱ्याच्या वाट्याला ती मायलेजच्या जोडीने बंद पडणाऱ्या इंजिनाच्या आणि गॅरेजच्या बिलाच्या रूपानेही येऊ शकते. धोरणाचा हिशेब मांडताना ही दुसरी रक्कमही त्यात लिहिलेली असली पाहिजे.